सेठ, सेठाणी आणि चौदसचा उपास

मासे पाळल्याने मनाला शांती मिळते, असं आमच्या साहेबांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत आठ मासे फिरत होते आणि मी सहीसाठी फाइल धरून पाऊण तास उभा होतो. शांती त्यांना मिळत होती हे मला दिसत होतं. मला पायाला मुंग्या मिळत होत्या. तरीही घरी येताना मी ठरवलं की आपल्याकडेही अशी टाकी हवी. मी जळगावच्या पाटबंधारे कचेरीत अकरा वर्षं कारकून आहे. या अकरा वर्षांत लाखो घनफूट पाणी माझ्या टेबलावरून वाहून गेलं, पण सगळं कागदावर आणि तीन प्रतींत. आयुष्यात एकदा तरी आपल्या हुकमतीखालचं खरं पाणी पाहावं असं मला वाटलं, तर त्यात माझं काय चुकलं?

टाकी बनवली पुना मिस्त्रीने. पुना मिस्त्री म्हणजे मिठाईवाल्यांची काचेची कपाटं करणारा कसबी माणूस. त्याने टाकी केली ती अर्थातच मिठाईच्या कपाटासारखी, समोर सरकती काच असलेली. "हात घालाले सोय," तो म्हणाला. पाण्याचीही सोय झाली. ते पहिल्याच दिवशी सरकत्या फटीतून बाहेर आलं आणि माझ्या बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या, माहेरच्या ट्रंकेत शिरलं. मग काच कायमची बसवली, कडांना लांबी आणि डांबर थापलं, आणि आमच्या पुढच्या खोलीला रस्तादुरुस्तीचा वास सुटला.

शेजारच्या बिऱ्हाडातले धनसिंग आबा पाटील बघायला आले. आबा मूळचे धुळ्याकडचे, कापडण्याचे. शेती मुलावर सोपवून जळगावला राहायला आलेले. पण म्हैस सोबत आणली होती आणि सल्ले द्यायची सवयही. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली.

"भाऊ, हाई कपाट शे का हौद शे?"

"ही मत्स्यटाकी आहे, आबा."

"मंग मासा कोठे शे?"

हा प्रश्न योग्य होता. जळगावात शोभेचे मासे मिळत नव्हते. पण हिवतापाच्या कचेरीत गप्पी मासे फुकट मिळतात असं कळलं, म्हणून मी अर्ज केला. गप्पी हा बोटाच्या पेराएवढा मासा, डासांच्या अळ्या खातो, म्हणून सरकार तो विहिरींत सोडतं. तिथल्या कारकुनाने मला छापील नमुना दिला. मी जातीचा कारकून, नमुना भरण्यात मी हरेन अशी माझी कल्पना नव्हती.

"विहिरीचा व्यास?" त्याने विचारलं.

"विहीर नाही, टाकी आहे. दोन फूट बाय सव्वा फूट."

"टाकीचा रकाना नाही. विहीर लिहा. खोली?"

"पंधरा इंच."

"किती कुटुंबं पाणी भरतात?"

"एकही नाही."

"मग ती पडीक विहीर," तो म्हणाला आणि त्याने तसं लिहिलं. मला सहा गप्पी मिळाले. आठ दिवसांनी त्यांचा माणूस तपासणीला आला. त्याने आमच्या दाराशेजारी गेरूने तारीख आणि 'प. वि.' अशी अक्षरं लिहिली. ती अजून आहेत. घरात पडीक विहीर असलेला जिल्ह्यातला मी एकमेव कारकून असेन.

त्यानंतर भाऊबिजेला माझा मेहुणा मुंबईहून आला तो लोणच्याच्या बरणीत दोन गोल्डफिश घेऊन. चांगले बोटभर लांब, लठ्ठ, संत्र्याच्या रंगाचे. तो म्हणाला, "भाऊजी, दुकानदार म्हणत होता की गप्पी आणि हे एकत्र ठेवू नका. गप्पीला ऊब लागते, याला गारवा. गप्पी ठेवायचे तर टाकीत हीटर लागतो."

"जळगावात हीटर?" मी हसलो. "अरे, जळगावच हीटर आहे!"

आश्विन नुकताच संपला होता, अंगातून घाम निथळत होता आणि हे वाक्य सगळ्यांना आवडलं. मला तर इतकं आवडलं की मी ते कचेरीत तीनदा सांगितलं.

आता आमच्या घरमालकीणबाईंबद्दल सांगायला हवं. सज्जनबाई, म्हणजे आमच्या बाईजी, या मारवाडी जैन, साठी उलटलेल्या. त्यांचा मुलगा माणकचंद याचं कापडाचं दुकान. ते वरच्या मजल्यावर राहत, आम्ही आणि आबा खाली. खोल्या देताना बाईजींनी एकच अट घातली होती, घरात मासळी आणायची नाही. मी तेव्हा छाती काढून म्हणालो होतो, "बाईजी, आम्ही पारोळेकर. आम्ही नावसुद्धा काढत नाही." त्यामुळे भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सामायिक आटोपून, म्हणजे त्यांची रोजची दोन घटकांची प्रार्थना संपवून, खाली आल्या आणि टाकीसमोर उभ्या राहिल्या तेव्हा ती छाती आपोआप आत गेली.

"बाबूसाब, हे काय?"

"मासळी नव्हे, बाईजी. मासे. जिवंत."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. दोघे गोल्डफिश सावकाश, पोट पुढे काढून, कुणाकडेही न बघता फिरत होते. बाईजींच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हे तर आमच्या बाजारपेठेतले सेठ-सेठाणी दिसतात," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्यांची तीच नावं पडली. मग मात्र त्या गंभीर झाल्या. "जीव पाळला, चांगलं केलं. पण बाबूसाब, हे जीव तुम्ही त्यांच्या पाण्यातून उचलून माझ्या छपराखाली आणले. आता यातला एक जरी गेला तर पाप माझ्या घराला. त्या दिवशी तुम्ही घर खाली करायचं."

मी बरं म्हणालो. भाडेकरू दुसरं काय म्हणणार? घरात नळ, आणि त्याला रोज पाऊण तास पाणी, अशी जागा जळगावात दिवा घेऊन शोधली तरी मिळत नव्हती. शिवाय कुंदाला पाचवा महिना होता. तिचं माहेर दूर, आणि डिंकाच्या लाडवांपासून पाठ चोळण्यापर्यंत सगळं बाईजी बघत होत्या. कुंदा त्या रात्री मला म्हणाली, "अहो, मासे मेले तर मेले, पण बाईजींचं घर सुटलं तर मी काय करू?" ती हसत म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते. त्या क्षणी मला छंद संपल्यासारखा वाटला. राहिली ती नोकरी, आणि तीही आठ जिवांच्या हाताखाली.

दुसऱ्या दिवसापासून बाईजी रोज सकाळी खाली येऊन मासे मोजू लागल्या. मोजणी झाली की त्या "आठ" म्हणत आणि मी श्वास सोडत असे. एवढ्यावर थांबल्या असत्या तर हकिकत इथेच संपली असती. पण ज्या घरात जीव राहतो त्या घराची शिस्त त्या जिवाला लागली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. टाकीत घालायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं. अळ्या वगैरे काही घालायचं नाही, अळीही जीवच. खायला फक्त कणकेच्या गोळ्या. त्याही सूर्यास्ताआधी, कारण सूर्य मावळल्यावर त्या घरात कुणी अन्न तोंडात घालत नसे. आणि आठमला व चौदसला, म्हणजे दर अष्टमी-चतुर्दशीला, बाईजींचा स्वतःचा उपास असे, त्या दिवशी माशांनाही उपास.

"मुक्या जिवाला पुण्य कोण देणार?" त्या म्हणाल्या. "आपणच द्यायचं."

मी मान डोलावली. आज मला त्या डोलावण्याची लाज वाटते. मला माशांतलं काही कळत नव्हतं हे खरं, पण भुकेतलं कळत होतं. मालकिणीपुढे मी तेही विसरलो. हिवतापवाला पुन्हा तपासणीला आला तेव्हा त्याने विचारलं, "मासे अळ्या खातात का?" मी म्हणालो, "नाही, कणीक खातात. आठम-चौदस सोडून." त्याने नमुना चाळला आणि याला रकाना नाही म्हणून काहीच लिहिलं नाही.

आबांनी मात्र स्पष्ट सांगितलं. "भाऊ, उपाशी ढोर दुसराना वावरम्हा घुसस. मासा काय येगळा शे का?"

"आबा, मासा म्हणजे म्हैस नव्हे," मी म्हणालो. हेही वाक्य मला तेव्हा आवडलं होतं.

पुढे दोन आठवड्यांत गप्पींना पिल्लं झाली. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. हे आधी ओळखलं ते बाईजींनीच. "बाबूसाब, ही काळ्या पोटाची दोन दिवसांत मोकळी होणार," असं त्या माझ्या देखत म्हणाल्या आणि तिसऱ्या सकाळी टाकीत जिऱ्याएवढी पिल्लं इकडून तिकडे पळत होती. बाईजींनी दोनदा मोजली. एकूण एकतीस! वरून लापशी आली, आबांच्या घरीही गेली, माणकचंदने दुकानातल्या नोकरांना पेढे वाटले. मी कचेरीत रुबाबात फिरलो. या सगळ्यात माझा वाटा काय होता हे कुणी विचारलं नाही.

आणि मग थंडी पडली. उन्हाळ्याने माणूस भाजून निघतो त्या जळगावात मार्गशीर्षापासून असा गारठा पडतो की सकाळी तांब्या हातात धरवत नाही. माझा हीटर विझला. गप्पी तळाशी जाऊन बसले, पंख मिटून, पोस्टाच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसारखे. सेठ-सेठाणीला मात्र थंडी मानवली. त्यांच्या अंगावर तेज चढलं, ते दुप्पट फिरू लागले आणि त्यांची भूकही दुप्पट झाली.

सल्ले सुरू झाले. माणकचंद म्हणाला, गरम पाणी ओता. ओतलं, तर गप्पी वर आले आणि सेठ-सेठाणी तोंड उघडून धापा टाकू लागले. थंड पाणी ओतलं, तर ते सावरले आणि गप्पी पुन्हा खाली. दिवसभर मी दोन तांबे घेऊन एका पाण्यातल्या दोन संसारांची समजूत घालत होतो. आबा म्हणाले, "खाले शेगडी ठेवा ना. मनी म्हैसले बी मी थंडीम्हा धूर करस." शेगडी ठेवली, तर डांबर वितळून पुना मिस्त्रीचं कसब जमिनीवर उतरलं. डांबर पुन्हा थापलं आणि शेवटी टाकीच्या एका कोपऱ्यावर साठचा बल्ब टांगला आणि त्या बाजूला माझा एकुलता एक लोकरी स्वेटर गुंडाळला. गप्पी बल्बाखाली जमले, सेठ-सेठाणी दुसऱ्या टोकाला राहिले. मी पौष महिना मफलरवर काढला. साहेबांनी विचारलं, "पारोळेकर, स्वेटर कुठे?" मी खरं उत्तर दिलं. त्यानंतर त्यांनी मला आठवडाभर काही विचारलं नाही.

पण बल्बाखाली सगळी पिल्लं एका जागी गोळा होत होती याचा अर्थ मला कळला नाही. तो सेठला कळला.

आठमच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईजींनी पिल्लं मोजली, सत्तावीस. त्यांनी पुन्हा मोजलं. सत्तावीसच. मेलेला एकही नाही, ना तळाशी ना वर. चौदसनंतर तेवीस. पुढच्या आठमनंतर अठरा. बाईजींनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि टाकीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"बाबूसाब, मेलेले तुम्ही कुठे टाकता?"

"बाईजी, शप्पथ! मी एकालाही हात लावलेला नाही."

"मग जीव जातात कुठे?"

अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्यावर टाचण्यांच्या अफरातफरीचासुद्धा आळ आला नव्हता. आता तेरा माशांचा आला. मला जेवण जाईना. कुंदाने दोन दिवस माझी समजूत घातली आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "अहो, खरंच टाकत नाही ना तुम्ही?" तेव्हा तर मी पारच खचलो.

पौषातल्या चौदसला बाईजींनी स्वतः पहारा करायचं ठरवलं. त्यांचा उपास, माशांचा उपास. त्या दुपारपासून टाकीसमोर पाटावर माळ घेऊन बसल्या. मी कचेरीतून आलो तो दाराशीच उभा राहिलो. आत कुंदा, बाहेर आबा. संध्याकाळचे सहा वाजले, उन्हाची तिरीप भिंतीवरून गेली. सेठ आपल्या टोकाकडून निघाला. सावकाश, पोट पुढे काढून, जणू वसुलीला चाललेला. बल्बाखाली आला, तोंड उघडलं आणि एक पिल्लू आत गेलं. मग दुसरं. मागून सेठाणी आली.

बाईजींच्या हातातली माळ थांबली. त्या उठल्या, टाकीसमोर हात जोडले, "मिच्छामि दुक्कडं", म्हणजे माझ्या चुकीची क्षमा असावी, एवढंच म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता जिना चढून गेल्या. मी सेठ-सेठाणीला बाहेर काढून माठात ठेवलं आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मावळतीनंतर कणीक घातली. नियम मोडायला आता काय उरलं होतं?

आबा कधी वर गेले मला कळलं नाही. पण त्यांचा आवाज जिन्यावरून ऐकू आला. "बाईजी, उपास तुम्हीन धरा. मासाले कसाले? त्यानं पोट शे, त्याले धरम काय समजस?" 

मग माणकचंद खाली आला. "आईने तेला घेतलाय," तो म्हणाला. म्हणजे लागोपाठ तीन दिवस उपास, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. "म्हणते, पाप माझ्या हातून झालं. घराचं पारण्याच्या दिवशी बघू. आणि पारोळेकर साहेब, वहिनींना काळजी करू नका म्हणावं. त्या इथेच राहतील, सातवा महिना आहे. प्रश्न फक्त तुमचा आहे."

बायको राहणार आणि नवरा घर खाली करणार, असा भाडेकरार मी तरी कुठल्या कायद्यात वाचलेला नाही. पण मला हसू आलं नाही. चौसष्ट वर्षांची बाई माझ्या हौसेपायी तीन दिवस उपाशी बसणार होती, आणि मला खरंच लाज वाटत होती.

कुंदा म्हणाली, "एक दिवस तरी तुम्ही त्यांच्यासोबत उपास करा. त्यांना बरं वाटेल." मी लगेच वर जाऊन जाहीर केलं, उद्या माझाही उपास, बाईजींसारखाच, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. बाईजींनी डोळे मिटूनच मान हलवली.

सकाळी अकरापर्यंत मला फार पवित्र वाटत होतं. एक वाजता कचेरीत डबे उघडले तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. दोन वाजता मी एका टिपणीत 'गिरणा कालवा' ऐवजी 'गिरणा हलवा' लिहिलं. साडेतीन वाजता साहेबांनी आमच्या फैजपूरच्या चौधरींना आत बोलावलं. चौधरींना डबा खायला सवड झाली नव्हती. तो त्यांच्या टेबलावर तसाच होता, आणि झाकणाच्या फटीतून वास येत होता. भरीत. चुलीत भाजलेल्या वांग्यांचं, तेलाची तर्री सुटलेलं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मी उठलो. सावकाश उठलो. चौधरींच्या टेबलाकडे गेलो ते फक्त झाकण नीट लावायला, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे.

चौधरी परत आले तेव्हा माझ्या एका हातात कांद्याची पात होती आणि डबा धुतल्यासारखा लख्ख होता. "पारोळेकर," ते म्हणाले, "तुमचा उपास होता ना?" मला उत्तर देता आलं नाही, कारण तोंडात घास होता.

पुढचे दोन दिवस मी वर गेलो नाही. पारण्याच्या सकाळी बोलावणं आलं. मी ट्रंक भरून ठेवली होती, फक्त माझे कपडे. बाईजी पाटावर बसल्या होत्या, चेहरा उतरलेला पण शांत. समोर मुगाचं पाणी. कुंदा त्यांच्या शेजारी, आबा आणि माणकचंद दाराशी.

"बाबूसाब, उपास कसा झाला?"

खोटं बोलता आलं असतं. चौधरी काही साक्षीला येणार नव्हते. पण तीन दिवस उपाशी राहिलेल्या माणसासमोर खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. मी सगळं सांगितलं, भरितासकट. सांगताना कुंदाकडे बघायची हिंमत झाली नाही.

"किती वाजता खाल्लं?" बाईजींनी विचारलं.

"साडेतीनला."

त्यांनी हिशेब केल्यासारखे डोळे मिटले. "सेठने सहा वाजेपर्यंत धरला होता."

 मी खाली मान घालून म्हणालो, "ट्रंक भरली आहे, बाईजी."

"उघडा ती. घर कुठे सोडता? समजत्या माणसाला जे जमलं नाही, ते मी मुक्या माशाकडून मागत होते. चूक माझीच होती." त्यांनी माणकचंदला सेठ-सेठाणीसाठी वर वेगळी टाकी ठेवायला सांगितलं, रोज पोटभर खाणं, आठम असो की चौदस. मग मुगाच्या पाण्याची वाटी हातात घेतली, ओठांपर्यंत नेली, आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

"कुंदा, आधी यांना जेवायला घाल," त्या म्हणाल्या. "भुकेला जीव मोकळा सोडू नये. खाली पिल्लं आहेत."